नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर एकच, मग वेळा इतक्या वेगळ्या का?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी सॅन होजेला असते, जानेवारीअखेर तिचं बाळंतपण आहे, म्हणून ताई आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच अमेरिकेला निघाले आहेत. यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. त्या लिहितात: "नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर १३,१०० किलोमीटर दाखवतात. विमान ताशी ९०० किलोमीटरनं जातं म्हणतात. भागाकार केला तर साडेचौदा तास येतात. पण दिल्लीवरून जाणाऱ्या एका तिकिटावर २४ तास आहेत, दुसऱ्यावर ३०. दोहावरून जाणारं तिसरंच. दोहा तर पश्चिमेला, मग ते उलट्या दिशेनं जाणं नाही का? आणि येतानाचे तास जातानाच्या तासांशी जुळत का नाहीत? आम्ही नक्की किती वेळ धरून चालायचं?"

ताई, तुमचा भागाकार बरोबर आहे. १३,१०० हा आकडाही बरोबर आहे. पण अंतर ही भूमितीची गोष्ट आहे आणि वेळ ठरतो वाऱ्यावर, उघड्या-बंद आकाशावर आणि जमिनीवर थांबण्यावर. मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. उड्डाणाआधी मार्ग आखायचा, वारा तपासायचा, इंधनाचा हिशेब मांडायचा आणि तो कागद कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे माझं काम. त्या खुर्चीतून या प्रश्नाकडे कसं बघतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुठलंही तिकीट समोर आलं तरी त्यातले तास तुम्हाला स्वतःला उलगडतील.

आधी दिशा. भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. सीताबर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो छोटा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक नागपूरवर दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो पूर्वेला जपानवरून जाईल किंवा पश्चिमेला युरोपवरून, असं वाटतं. तो दोन्हीकडे जात नाही. दोरा सरकत सरकत वर चढतो आणि पश्चिम नेपाळ, तिबेट, मंगोलियाचा पश्चिम कोपरा, सायबेरिया असा जाऊन थेट उत्तर ध्रुवीय समुद्रात शिरतो. साधारण ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचतो, तिथून अलास्का ओलांडून कॅनडाच्या किनाऱ्याजवळून खाली उतरतो. गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट हीच. विमानवाले तिला ग्रेट सर्कल म्हणतात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून ही रेषा निघते ती उत्तरेपासून जेमतेम १९ अंश पूर्वेकडे झुकलेली असते. म्हणजे साधारण जबलपूरच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलात की सॅन फ्रान्सिस्को तुमच्या समोर आहे. न्यूयॉर्कला जायचं असतं तर साधारण पचमढीकडे तोंड करावं लागलं असतं.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नागपूर ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आणि सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,१००. फरक फक्त ५०० किलोमीटरचा. अमेरिकेच्या त्या दोन शहरांमध्ये मात्र आपसात ४,१५० किलोमीटर अंतर आहे. आपण जवळपास गोलाच्या पलीकडच्या अंगाला निघालो आहोत, त्यामुळे अमेरिकेचा पूर्व किनारा काय आणि पश्चिम काय, इथून दोन्ही सारखेच लांब पडतात.

आता दिल्ली आणि दोहा. नागपूर-दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज १३,२३५. सरळ रेषेपेक्षा १३५ किलोमीटरच जास्त, कारण दिल्ली आपल्या उत्तरेला आहे आणि वाटही उत्तरेचीच आहे. दोहाचा हिशेब वेगळा. नागपूर-दोहा सुमारे २,८४०, दोहा-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,९९०, एकूण १५,८३०. म्हणजे २,७०० किलोमीटरचा वळसा, उडण्याच्या वेळेत तीन तास जास्त. तेव्हा उलट्या दिशेची तुमची शंका निम्मी खरी आहे. पहिला टप्पा आडवा जातो. पण दोहाहून पुढचं विमानही उत्तरेकडेच चढतं, आणि एकूण प्रवास तेवढ्यानं लांबतोच असं नाही. त्याकडे पुढे येतो.

गोलावर ताणलेल्या त्या दोऱ्यावरून प्रत्यक्षात मात्र कोणी उडत नाही. पहिलं कारण तिबेट. प्रवासी विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा केबिनमध्ये दाबाखालची हवा भरलेली असते. तो दाब काही कारणानं गेला तर डोक्यावरचे मास्क खाली येतात. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत काही मिनिटांपुरताच असतो. तेवढ्या वेळात विमानानं १०,००० फुटांपर्यंत, जिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो तिथपर्यंत, उतरायला हवं. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळजवळ १५,००० फूट. त्यावर डोंगर वेगळे. खाली उतरायला जागाच नाही. काही ठरावीक मार्ग आहेत, त्यांवर जास्त प्राणवायू असलेली विमानं आणि आधीच आखून ठेवलेल्या सुटकेच्या वाटा लागतात. म्हणून बहुतेक विमानं हिमालय डावा किंवा उजवा घालून जातात. दिल्लीहून निघालं तर एकतर पश्चिमेकडून मध्य आशियात शिरायचं, नाहीतर पूर्वेकडून बांगलादेश, म्यानमार, चीन असं जायचं.

दुसरं कारण वारा. आमच्या कामाचा अर्धा जीव त्यात असतो.

तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली होती. हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर हा वारा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाताना आम्ही तक्त्यांवर अनेकदा पाहिला आहे. आपल्याकडेही हिवाळ्यात उत्तर भारतावर त्याचा एक पट्टा येतो. दिल्ली-कोलकाता विमान डिसेंबर-जानेवारीत लवकर पोचतं आणि परत यायला वेळ घेतं ते त्यामुळे.

विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेतला आहे. हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो, समोरून येत असेल तर घटतो. तुमचाच भागाकार पुन्हा करू. १३,००० किलोमीटर जायचंय आणि सरासरी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे: वेग १,०००, वेळ १३ तास. तोच वारा तोंडावर: वेग ८००, वेळ सव्वासोळा तास. त्याच विमानात, त्याच अंतराला सव्वातीन तासांचा फरक. जातानाचे आणि येतानाचे तास का जुळत नाहीत, त्याचं मुख्य उत्तर हे. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. धावत्या गाडीच्या डब्यात इंजिनाकडे चालत जायला जास्त वेळ लागत नाही, तसंच हे.

याचं सर्वांत सुरेख उदाहरण तुमच्याच मार्गावरचं आहे. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी वाट बदलली. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग पॅसिफिक महासागर. ही वाट १५,३०० किलोमीटरच्या आसपास पडली, आधीच्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर लांब. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. १५,३०० ला साडेचौदानं भागून बघा: ताशी १,०५५ किलोमीटर. एवढ्या वेगानं विमान स्वतःहून जात नाही, वरचे शे-दीडशे वाऱ्यानं दिलेले आहेत. जास्त अंतर, कमी वेळ, आणि इंधनही कमी. हा कागद पहिल्यांदा वाचताना मला जो आनंद झाला होता तो अजून आठवतो. आमच्या धंद्याचं सगळं सार त्या एका उड्डाणात आहे.

म्हणूनच त्याच विमानाची वाट आज एक आणि उद्या दुसरी असू शकते. डिस्पॅचर रोज नव्यानं वारा बघतो. दोन-तीन वाटा मांडतो, प्रत्येकीचा वेळ आणि इंधन काढतो. इंधन जास्त भरून ठेवलं की काम झालं, असं नसतं. बोइंग ७७७-२०० एलआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर मावतं, पण पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात जादा उचललेल्या इंधनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ते इंधन वाहून नेण्यातच जळतो. अगदी उत्तरेकडून जायचं तर आणखी एक काळजी असते. विमानात वापरतात ते जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, अमेरिकेत भरतात ते जेट ए उणे ४० ला. बाहेर हिवाळ्यात उणे साठ, उणे सत्तरही असतं. वेगामुळे विमानाचं अंग थोडं गरम राहतं, तरी टाकीचं तापमान सारखं बघावं लागतं, आणि ते फार घसरलं तर विमान कमी उंचीवरच्या उबदार हवेत आणावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, सुमारे सतरा तासांत. त्यामागे अशी किती तरी गणितं होती, ती बातमीत येत नाहीत.

तिसरं कारण बंद आकाश. कुठल्या देशावरून कोणाला उडू द्यायचं ते तो तो देश ठरवतो. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंदी घातली आणि ती महिन्यामागून महिना वाढवत नेली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे उतरून मग वर चढावं लागलं. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी इंधनासाठी थांबे घ्यावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियानं दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्याच्या कारणांत हेही होतं. रशियाचं असंच, फक्त उलटं. फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिका आणि युरोपच्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय आणि आखाती कंपन्यांना येतं. त्यामुळे दिल्लीहूनच निघणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांचे तास वेगळे असतात. या मार्गावर आडवाटेला उतरावं लागलं तर काय होतं तेही जून २०२३ मध्ये दिसलं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरलं, आणि मुंबईहून दुसरं विमान जाईपर्यंत प्रवासी तिथेच होते. उतरणं बरोबरच होतं. जवळचा विमानतळ आधीच कागदावर लिहून ठेवायचा असतो तो अशा वेळेसाठीच.

तेव्हा एक साधा आडाखा देतो. अंतराला ९०० नं भागू नका, ८५० नं भागा आणि वर अर्धा तास मिळवा. चढणं, उतरणं आणि विमानतळावरचं सरपटणं त्यात येतं. वेळापत्रकात जो वेळ छापतात तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. नागपूर-दिल्लीला या हिशेबानं दीड तास येतो, छापील वेळ त्याहून दहा-वीस मिनिटं जास्त असते, कारण दिल्लीच्या आकाशात घिरट्या घालायला लागू शकतात हे कंपनीला माहीत असतं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को पंधरा तास येतात, त्यात वारा आणि वळसा धरून तास-दीड तास मोकळा ठेवा. दोहा-सॅन फ्रान्सिस्को पावणेसोळा, म्हणजे सोळा समजा. नागपूर-दोहा पावणेचार, समोरचा वारा धरून सव्वाचार.

घड्याळाचा घोळही आत्ताच सोडवून टाकू, कारण मुलगी फोनवर तारीख सांगेल तेव्हा गोंधळ हमखास होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ पुढे करतात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेबारा तासांचा. समजा, दिल्लीहून १० जानेवारीला पहाटे ४ ला विमान निघालं आणि साडेपंधरा तास उडालं. आपल्या घड्याळात तेव्हा १० तारखेचे संध्याकाळचे साडेसात. त्यातून साडेतेरा तास वजा करा: १० तारखेचे सकाळचे ६. तिकिटावर ४ ला निघून ६ ला पोचल्यासारखं दिसेल. दोन तासांत अमेरिका गाठली असं नाही, मधले साडेपंधरा तास तुम्ही खुर्चीत काढलेले आहेत. येताना उलटं. तिथून १० फेब्रुवारीला सकाळी १० ला निघालात आणि सोळा तास उडालात, तर दिल्लीत ११ तारखेचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, एक दिवस हरवल्यासारखा वाटतो. तास काढायचे असतील तर दोन्ही वेळा भारतीय वेळेत करून घ्या आणि मग वजाबाकी करा. दुसरा कुठलाही मार्ग धरलात की चूक होते.

आता मुख्य गोष्ट. २४ आणि ३० तासांच्या तिकिटांत जो सहा तासांचा फरक आहे तो हवेतला नाहीच. तो जमिनीवरचा आहे. पुढचं विमान कधी आहे, एवढाच तो प्रश्न. नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रास या चारही बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायच्या आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायची. मुंबई इथून ६८०, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कोलकाता ९८५ किलोमीटर, यापेक्षा सोयीची जागा देशात नव्हती. पण देशाचा मध्य हा जगाच्या वाटेवर थांबा मागतो. इथली धावपट्टी ३,२०० मीटरची आहे. मे महिन्यातल्या ४५ अंशांत हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते आणि पूर्ण इंधन भरलेलं विमान उठवणं कठीण होतं, हे एक. त्याहून मोठं कारण असं की रोज अमेरिकेला जाणारे तीनशे प्रवासी एकट्या नागपूरला मिळत नाहीत. म्हणून आपल्या प्रवासाचे तास मुख्यतः थांबा ठरवतो आणि तिकीट निवडताना तिथेच नजर ठेवायची.

थांबा छोटा तेवढा चांगला, असं धरू नका. दिल्लीला जानेवारीत धुकं असतं. सकाळची विमानं तासनतास खोळंबतात आणि तुमचं दिल्लीहून पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. देशांतर्गत काही विमानं टर्मिनल १ ला उतरतात आणि अमेरिकेचं विमान टर्मिनल ३ वरून सुटतं. दोन्हींमध्ये रस्त्यानं काही किलोमीटरचं अंतर आहे. त्यानंतर इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. तेव्हा दिल्लीमार्गे गेलात तर जानेवारीत पाच-सहा तासांचा थांबा हवाच, आणि नागपूरहून आदल्या दिवशीच्या दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान घ्या, सकाळचं नको. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर असली पाहिजेत. वेगवेगळी काढून दोन-चार हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नसते. पहिल्यांदा जाणाऱ्या साठीच्या जोडप्यानं तो धोका घेऊ नये, असं मी अगदी आग्रहानं सांगतो.

मला विचाराल तर जानेवारीच्या प्रवासाला मी तुम्हाला दोहामार्गे पाठवीन. तुमच्या तारखांना नागपूर-दोहा विमान आहे का आणि दोहाला तीन ते पाच तासांचा थांबा मिळतो का, एवढं आधी बघून घ्या. २,७०० किलोमीटर जास्त आहेत हे मी वर लिहिलं. पण सव्वाचार अधिक चार अधिक सोळा म्हणजे सव्वाचोवीस तास होतात. दिल्लीमार्गे पावणेदोन, साडेपाच आणि सोळा मिळून सव्वातेवीस. एका तासासाठी धुक्याची धास्ती आणि टर्मिनल बदलायची धावपळ का घ्यायची? शिवाय इमिग्रेशन सोनेगावलाच होतं, मराठीत बोलणारी माणसं आजूबाजूला असतात, रांग छोटी असते, बॅगा थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या लागतात. प्रवास ऑक्टोबरात असता तर मी दिल्लीच सांगितलं असतं. आखातालाही आकाश बंद होण्याचा धोका नाही असं नाही, २३ जून २०२५ ला कतारनं काही तासांसाठी आपलं आकाश बंद केलं होतं. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी बातम्या आणि विमानाची स्थिती दोन्ही बघा.

यजमानांच्या इन्सुलिनबद्दल. डोस किती आणि कधी ते तुमचे डॉक्टरच सांगतील, पण त्यांच्याकडे जाताना तिकीट नेऊ नका, तासांचा कागद न्या. तिकिटावरच्या स्थानिक वेळा बघून कोणाचाही गोंधळ होईल. एका कोऱ्या कागदावर घरातून निघाल्यापासूनचे तास उभे मांडा: शून्य – घर; तीन – विमान सुटलं; सव्वासात – दोहा; सव्वाअकरा – दुसरं विमान; सव्वासत्तावीस – सॅन फ्रान्सिस्को. शेजारी नागपूरची वेळ लिहा. नेहमीच्या जेवणाच्या आणि इंजेक्शनच्या वेळा त्यात खुणा करून दाखवा, डॉक्टर पाच मिनिटांत नवं वेळापत्रक लिहून देतील. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. खाली बॅगेत टाकलं तर थंडीनं गोठून निकामी होऊ शकतं, आणि बॅग उशिरा आली तर औषधच हाती राहत नाही. तिकीट काढतानाच मधुमेहींचं जेवण आणि दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. व्हीलचेअर मागण्यात संकोच करू नका, अनोळखी विमानतळावर ती माणसं तुम्हाला योग्य दारापर्यंत नेऊन पोचवतात. सोळा तासांत दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा.

पलीकडे विमान लागल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम मिळून दीड-दोन तास जाऊ शकतात. मुलीला त्या हिशेबानं यायला सांगा. गाडी विमान उतरायच्या वेळेला आणली तर तिला पार्किंगमध्ये ताटकळावं लागेल, आणि त्या दिवसांत ते बरं नाही. जावईबापूंनाच पाठवावं. तिथून सॅन होजे साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रहदारी बघून पाऊण ते सव्वा तास.

परतीचं एक लक्षात ठेवा. दिल्लीमार्गे आलात तर बॅगा दिल्लीला उतरवून कस्टममधून न्याव्या लागतात आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात, तेव्हा परतीला चार तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. दोहामार्गे आलात तर बॅगा आणि कस्टम दोन्ही नागपूरलाच.